हिरेमठ सरांचं वाकडं धुराडं

"बाई, तुम्हाला भ्या कशाचं वाटतंय?"

नोकरीचा माझा पहिला दिवस होता. कला महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये मी खांद्यावरची पर्ससुद्धा अजून काढली नव्हती आणि एक उंच, किडकिडीत, कपाळावर विभूती लावलेला माणूस हातात चहाचा कप घेऊन माझ्यासमोर येरझाऱ्या घालत हे विचारत होता. मी कलेचा इतिहास शिकवायला आले होते. असल्या प्रश्नाची तयारी करून आले नव्हते. म्हटलं, "पालीचं."

"पाल हलती. हलत्या गोष्टीचं भ्या कुणालाबी वाटतंय. न हलणाऱ्या गोष्टीचं सांगा. भिंतीचं वाटतंय? जिन्याचं? दाराचं?"

"नाही."

"वाटंल," असं म्हणून ते अर्धा चहा टेबलावर ठेवून निघून गेले. कप शिल्पकलेच्या कांबळे सरांचा होता आणि चहाही त्यांचाच, हे नंतर कळलं. कांबळे सर म्हणाले, "सवय करून घ्या. हिरेमठाला स्वतःचा कप न्हाई, स्वतःची खुर्ची न्हाई. बसंल तर लागंल की खुर्ची."

खरंच, हिरेमठ सरांना मी नीट बसलेलं फारसं पाहिलं नाही. मीटिंगमध्ये ते खिडकीला टेकून उभे राहायचे, वर्गात बाकांच्या मधून फिरत राहायचे, आणि जेवायचा डबा व्हरांड्यात चालता चालता खायचे. गडहिंग्लजकडचं त्यांचं घराणं गुळाच्या व्यापारातलं. भाऊ दुकानाच्या गादीवर बसले. यांनाही बसवलं होतं म्हणे, पण आठवड्याभरात वडिलांनीच हात जोडले आणि कोल्हापूरला चित्रकला शिकायला पाठवून दिलं. जाता-येता भिंतीवरची फ्रेम बोटानं तिरकी करून ठेवायची, ही त्यांची आणखी एक खोड. प्राचार्य रोज सकाळी आपल्या खोलीतले सगळे फोटो सरळ करायचे आणि दुपारपर्यंत सगळे पुन्हा तिरके झालेले असायचे. या विषयावर दोघं कधीही एकमेकांशी बोलले नाहीत.

त्यांचं वेड दुहेरी होतं. शंभर वर्षांपूर्वी जर्मनीत जे मूक भयपट निघाले, ते एक. आणि त्याच्या थोडं आधी त्याच मुलुखात ज्या चित्रकारांनी हिरवी आभाळं, तांबडी झाडं आणि अंगावर येणारे डोंगर रंगवले, त्यांची निसर्गचित्रं हे दुसरं. सर म्हणायचे, ही दोन वेडं नव्हेतच. "आधी त्यांनी डोंगर वाकडा काढला. मग त्या डोंगराखाली घर बांधलं, तेबी वाकडं. मग त्या घरात माणूस सोडला. झाला सिनेमा!" या सिनेमांत भिंतींवरच्या सावल्यासुद्धा कधी कधी ब्रशनं रंगवलेल्या असायच्या, हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. "सावली रंगवलेली, बाई! दिवा हलला तरी ती हलायची न्हाई. माणूस गेला तरी ती ऱ्हायाची!"

आता, कोल्हापूर हे निसर्गचित्रांचं गाव. रंकाळ्याच्या पाण्यावरचं सकाळचं ऊन कसं काढावं, पंचगंगेच्या घाटाची ओली पायरी कशी काढावी, हे इथं पिढ्यान्‌पिढ्या जीव ओतून शिकवलं गेलं. चहाच्या गाड्यावरचा माणूससुद्धा जलरंगात पांढरा कागद कुठं राखायचा यावर मत देतो. अशा गावात हिरेमठ सर जांभळा रंकाळा काढत होते. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं नाही. कोल्हापूरला वेडी माणसं आवडतात. पण त्यांचं चित्र कुणी घरात लावलं नाही.

एकानं लावलं होतं. कागलचा एक बागायतदार. नवा बंगला बांधला, आपल्या उसाच्या शिवाराचं मोठं चित्र हॉलमध्ये हवं म्हणाला. सरांनी काढलं. पिवळंजर्द आभाळ आणि त्याखाली निळा-काळा ऊस, पात्यांची टोकं बघणाऱ्याच्या अंगावर रोखलेली. महिन्याभरात तो माणूस जीपमध्ये चित्र घालून कॉलेजवर हजर झाला. बिचारा फार शरमला होता.

"सर, चित्र झक्कास हाय," तो म्हणाला. "पण आमची म्हातारी हॉलमधनं जायाचंच बंद झाली बघा. मागच्या दारानं ये-जा करती. पावणं येत्यात, जरा वेळ बघत्यात आन्‌ चहा न घेताच उठत्यात."

मला वाटलं, सरांना वाईट वाटेल. पण ते त्या माणसाचे दोन्ही हात धरून विचारत होते, "म्हातारी काय म्हणाली? नेमकं काय म्हणाली?"

"म्हणाली, ह्या उसात कोणतरी हाय."

त्या दिवशी सरांनी सगळ्या स्टाफला मिसळ खायला घातली.

शनिवारी दुपारी कॉलेजच्या हॉलमध्ये ते जुने मूकपट दाखवायचे. खिडक्यांना काळा कागद चिकटवायचा, प्रोजेक्टर लावायचा, आणि आवाज अजिबात नाही. संगीत घातलेल्या प्रतीसुद्धा ते बंद आवाजातच दाखवत. मुलांची कुरकुर चालायची. एकदा मुलं हट्टालाच पेटली, तेव्हा ते म्हणाले, "बरं, वाजवूया की," आणि पुढच्या शनिवारी तालमीतला एक हलगीवाला घेऊन आले. किसन त्याचं नाव. किसननं आयुष्यात कुस्तीच्या फडाशिवाय कुठं हलगी वाजवली नव्हती.

पडद्यावर एक हडकुळा, लांब बोटांचा माणूस अंधारातून पुढं यायला लागला आणि किसननं हलगी घुमवली. पहिली दोन मिनिटं अंगावर काटा आला. पण मग नायक आणि तो हडकुळा समोरासमोर आले, आणि किसनच्या हाताला जी सवय होती ती जागी झाली. ठेका फडाचा झाला. कोपऱ्यातून एक शिट्टी आली. मग कुणीतरी ओरडलं, "घिस्सा मार! घिस्सा!" निम्मा हॉल भुताच्या बाजूनं, निम्मा नायकाच्या. मुलं बाकांवर चढली. कांबळे सरांनी कुणाच्या तरी डोक्यावरची टोपी उडवली. नायक पडला तेव्हा "चीतपट!"चा असा गजर झाला की शेजारच्या शाळेची मुलं खिडकीशी जमली.

मी चिडून हिरेमठ सरांकडं पाहिलं. ते मागच्या भिंतीला टेकून डोळे पुसत हसत होते. सिनेमा संपला तसे पुढं आले, किसनच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "झालं? जीव मोकळा झाला? आता हलगी खाली ठेवा आन्‌ परत बघा." तोच सिनेमा पुन्हा लावला, बिनआवाजाचा. या वेळी कुणी खोकलंसुद्धा नाही. शेजारी बसलेल्या किसननं मधेच माझी ओढणी धरून ठेवली होती, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा आधारच वाटला. त्यानंतर कित्येक दिवस मी कॉलेजचा जिना चढताना कठडा धरत होते. सरांचा मनस्वी राग यायचा मला तेव्हा. एवढं चांगलं जगत होतो, कशाला या माणसानं भिंती बघायला शिकवलं?

मुलांना घेऊन ते कळंब्याला निसर्गचित्रणाला जायचे, तेव्हा मीही कधी कधी जायची. तलावाच्या बांधावर मुलं कागद पसरून बसत, आणि हे मागून फिरत. एकदा एका मुलीनं लांब दिसणारी तुरुंगाची भिंत पट्टी लावल्यासारखी रेखली होती. सर थांबले. "सरळ काढलीस व्हय? आतल्याला ती सरळ दिसत आसंल?" एवढंच बोलून पुढं गेले. मुलगी तासभर रबर हातात घेऊन बसली. फिरायला आलेले एक गृहस्थ सरांच्याच चित्रापाशी उभे राहून म्हणाले, "पावणं, झाडं पडाय लागल्यात की तुमची."

"पडत न्हाईत," सर म्हणाले. "पळाय लागल्यात."

"का बरं?"

"ते मला ठावं असतं तर मी बी पळालो असतो न्हवं?"

सरांचं घर कसबा बावड्याला, नव्या वसाहतीत. गच्चीवर उभं राहिलं की साखर कारखान्याचं धुराडं समोर दिसायचं. ते धुराडं त्यांनी किती वेळा काढलं असेल याला गणती नाही, आणि दर वेळी ते एका बाजूला कललेलं. स्टाफरूममध्ये तो नेहमीचा विनोद होता. सर आत आले की कांबळे सर विचारायचे, "काय हिरेमठ, धुराडं किती वाकलं आज?" आणि उत्तर यायचं, "आज लई वाकलंय, गच्चीत डोकावतंय," किंवा "आज रुसलंय, तोंड फिरवून उभं हाय." वर्षानुवर्षं हे चाललं होतं.

त्यामुळं निवृत्तीला थोडे महिने राहिले असताना सर एका सकाळी येऊन म्हणाले, "आज धुराडं खरंच वाकलंय. मधनं पिचकल्यागत दिसतंय," तेव्हा आम्ही सगळे हसलो. सरही हसले. पुढं ते रोजच नवीन काही सांगू लागले. विजेच्या तारांना लाटा येतात. दाराच्या चौकटीला पोक येतं. कांबळे सर त्यांना कोपरापासून नमस्कार करायचे. हा माणूस तीस वर्षं हेच बोलत आला होता, यात नवीन काय आहे, असं आम्हाला वाटलं. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर आम्ही त्याला उचलून डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं असतं.

आणि सर झपाटल्यासारखी चित्रं काढत होते. इतकी वर्षं ठरवून वाकवलेली रेघ आता आपोआप वाकत होती. ती चित्रं मी पाहिली आहेत. कलेचा इतिहास शिकवून शिकवून थोडी परख मलाही आली असेल, तर त्या जोरावर सांगते, त्यांनी काढलेल्यांत तीच सर्वांत चांगली होती. अजूनही हे म्हणताना मला अपराध्यासारखं वाटतं.

हा डोळ्यांचा दोष आहे, हे आमच्या कुणाच्या नव्हे, गिरिजक्कांच्या लक्षात आलं. गिरिजक्का म्हणजे सरांच्या पत्नी. माहेर संकेश्वरचं. बोलताना मराठीत कानडी कधी मिसळायची ते त्यांनाही कळायचं नाही. रोज सकाळी दारात ठिपक्यांची रांगोळी घालायच्या, आणि सरांनी त्या रांगोळीला आयुष्यभर नावं ठेवली होती. "काय ती पलटण उभी केल्यागत ठिपकं!" त्या दिवशी सर चहा घेऊन बाहेर आले, रांगोळीकडं पाहिलं आणि एकदम खूश झाले.

"वा! आज जमलं की तुला. ठिपकं कसं नागमोडी पळवलीस बघ!"

गिरिजक्कांनी मला हे पुढं स्वतः सांगितलं. त्यांनी रांगोळीकडं पाहिलं. ठिपके रोजच्यासारखेच सरळ होते. तरी खात्रीसाठी त्यांनी घरातून सुतळी आणली, एक टोक स्वतः धरलं, दुसरं सरांच्या हातात दिलं आणि ठिपक्यांवर ताणून धरली. म्हणाल्या, "आता बगा. सुतळी कशी दिसतीय?"

"वाकडी."

"एक डोळा झाका. आता दुसरा झाका."

उजवा डोळा झाकल्यावर सर थांबले. डाव्या डोळ्याला मधोमध काळं दिसत होतं, सुतळी तिथं तुटत होती. गिरिजक्का उंबऱ्यावरच बसल्या. "अय्यो शिवा. कवापासनं हे?"

"हाय की लई दिवस झालं," सर म्हणाले. "मला वाटलं, आता कुठं नजर आली."

डॉक्टरांनी चौकटीचौकटींचा एक कागद समोर धरला. सरांना त्यातली एकही चौकट चौकोनी दिसली नाही. नजरेच्या ऐन मधल्या जागी, डोळ्याच्या पडद्याखाली पाणी झिरपत होतं. डाव्या डोळ्यात तिथं व्रण धरला होता, त्याला आता इलाज नव्हता. उजव्याला होता. डोळ्यातच इंजेक्शन द्यायचं, आणि लगेच. उशीर झाला तर हाही डोळा डाव्याच्या वाटेनं जाणार.

"इंजेक्शन दिलं की धुराडं सरळ हुईल?" सरांनी विचारलं.

"व्हायला पाहिजे."

"मग मी काढू काय?"

डॉक्टर हसले. गिरिजक्का हसल्या नाहीत. दोन दिवसांनी सकाळची वेळ ठरली.

त्या सकाळी मला गिरिजक्कांचा फोन आला. "बाई, हे घरात न्हाईत. मोबाईल उशीखाली ठेवून गेल्यात." सर कुठं असतील ते विचारावं लागलंच नाही. मी रिक्षा केली, बावड्यातून गिरिजक्कांना घेतलं आणि आम्ही कारखान्याच्या मागच्या शेतांकडं निघालो. बांधावर, उसाच्या कडेला, सर चित्राची घोडी मांडून उभे होते. अंगावर दवाखान्यात जायचा इस्त्रीचा शर्ट, आणि त्याच्या बाह्या रंगानं बरबटलेल्या. हात इतका जोरात चालला होता की घोडी हलत होती.

"पाच मिनिटं, बाई," आमची चाहूल लागताच ते मागं न बघता म्हणाले. "उद्या सगळं सरळ झाल्यावर हे कोण बघणार? कुणाला दिसणार? काल रात्रीपासनं तर वाकत वाकत मधनं गायबच झालंय बघा. हे असलं कुणी कधी काढलं न्हाय."

मला भीती वाटत होती, आणि त्या माणसाचा हेवाही वाटत होता. गिरिजक्का मात्र साडीचा ओचा खोचून सरळ पुढं गेल्या आणि घोडी आणि धुराडं यांच्यामध्ये उभ्या राहिल्या.

"बाजूला हो गं!"

"धुराडं कुटं जातंय? मला बगा आधी. मी वाकडी दिसतीय का सरळ, ते सांगा. मग काय काढायचं ते काढा."

सर वैतागून त्यांच्याकडं बघायला लागले. हातातला ब्रश तसाच राहिला. त्यांनी मान पुढं केली, मागं घेतली, डोळे मिटून उघडले. मग ब्रश खाली टाकून दोन पावलं पुढं गेले आणि रंगलेला हात गिरिजक्कांच्या चेहऱ्यावर ठेवला. कपाळ चाचपलं, नाक चाचपलं.

"तुझं तोंड कुठाय?" त्यांनी विचारलं.

तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"कान दिसतोय. केस दिसत्यात. मधी काय न्हाय गं. तोंडच न्हाय तुला."

"हाय हितंच," गिरिजक्का म्हणाल्या. त्यांच्या गालावर निळा रंग लागला होता. "चला."

सर रिक्षात जाऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना कुणाच्या तरी सांगण्यावरून बसताना पाहिलं. चित्र बांधावरच राहिलं. संध्याकाळी मी ते आणायला गेले, तर ऊसतोड्यांनी आपल्या झोपलेल्या बाळाला सावली म्हणून ते आडवं लावलं होतं. सरांना सांगितलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे तिथंच."

उजव्या डोळ्यात रात्रीच रक्त उतरलं होतं. त्या दिवशीचं इंजेक्शन झालं, मग पुढची होत राहिली. आम्हाला हसवायला ते म्हणायचे, "सुई येताना दिसती, बाई. असला शॉट कुठल्या जर्मनानंबी घेतला न्हाय." पण दर वेळी गिरिजक्कांचा हात ते इतका घट्ट धरायचे की एकदा त्यांची बांगडी वाढली. काळा डाग लहान झाला, पण गेला नाही. धुराडं बरंचसं सरळ झालं. चित्रं मात्र बंद झाली. कांबळे सरांनी एकदाही पुन्हा धुराड्याचं नाव काढलं नाही.

शेवटी धारवाडहून मुलगी आली आणि दोघांनी तिच्याकडंच जाऊन राहायचं ठरलं. त्या सुमारास सरांना एक नवीन सवय लागली होती, आणि तिच्यामुळं लोकांचे गैरसमज होत होते. मधली नजर गेलेला माणूस कडेच्या नजरेनं बघायला शिकतो. ज्याला बघायचं त्याच्याकडं तोंड केलं की तोच पुसला जातो, म्हणून तोंड जरा वळवायचं, म्हणजे तो कडेला दिसतो. त्यामुळं सर माझ्याशी बोलताना माझ्या खांद्यापलीकडच्या कपाटाकडं बघत. जुने विद्यार्थी भेटून गेले की मागं म्हणत, सर आता ओळख देत नाहीत.

निघायच्या दिवशी मी स्टँडवर पोचवायला गेले होते. जागा धरायला म्हणून गिरिजक्का आधीच गाडीत चढून खिडकीशी बसल्या होत्या. मुलगी मागं सामान लावून घेत होती. सर माझ्याशेजारी फलाटावर उभे होते, बसकडं पाठ नाही, पण तोंडही नाही, मान वळवून समोरच्या रसवंतीकडं बघत. कधी नव्हे ते एका जागी उभे होते. मला वाटलं, गाव सोडायचं त्यांना जड जातंय. मलाही जात होतं. हा माणूस उद्यापासून स्टाफरूममध्ये कुणाचा चहा पिणार नाही, या विचारानं रडू येत होतं.

कंडक्टर धारवाडकडचा, कानडी वळणाचं मराठी बोलणारा. गाडीला फेरी मारून आला आणि सरांजवळ थांबला.

"ओ अज्जा, अक्का हिकडं खिडकीत बसल्यात. तिकडं काय बगताय? रस प्याचा आसला तर बिगीनं प्या, गाडी सुटतीय."

"रस न्हाय प्यायचा," सर म्हणाले. त्यांनी मान हलवली नाही. "तिलाच बघतोय की."

कंडक्टरनं माझ्याकडं पाहिलं. खिडकीत गिरिजक्कांनी पदर सारखा केला, आणि त्या तशाच बसून राहिल्या.